नागोने कस्टमवाल्यांना काय काय सांगितलं

एका गावात एक भोळा माणूस होता. नाव नागो. त्याला एक शहाणी बायको होती. ती शहाणी आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तीच सगळ्यांना सांगत असे.

ती बायको म्हणजे मी. घरात मी नागोला अहो-जाहोच करते. पण गोष्टीतल्या भोळ्याला कुणी अहो म्हणत नाही, म्हणून इथे अरे-तुरे. मी त्याला विचारलं, "तुमची परवानगी घेऊ का?" तो म्हणाला, "घे. पण कुठे ठेवलीय ते मला आठवत नाही."

असा नागो.

तो वेडा नव्हता. सांगितलेलं काम शब्द न् शब्द करायचा. एकदा अंगणात खाटेवर मी कुरडया वाळत घातल्या. त्याला म्हटलं, "इथे बसा. कावळे आले तर हाकला." गिरणीतून दळण घेऊन परत येते तर खाट रिकामी. तीन शेळ्या तोंड चाटत उभ्या. आणि नागो काठी घेऊन शेजारीच बसलेला.

"एक कावळा येऊ दिला नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

"आणि या शेळ्या?"

"शेळ्यांचं तू काही बोलली नव्हतीस. हे आधी सांगायचं."

तर असा नवरा घेऊन मी परदेशात गेले.

आमची लेक रेवती परदेशात असते. त्या देशाचं नाव सांगत नाही. आम्हाला तिथे पुन्हा जायचं आहे. रेवतीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली आणि दोनदा मोडली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला झोपूनच राहायला सांगितलं. ती फोनवर रडली. "आई, तू ये. मला इथे कुणी नाही." मला जगात दुसरं काही नको होतं. ते नातवंड एकदा मांडीवर घ्यायचं. बस.

नागोला मागे ठेवता येत नव्हतं. ठेवला असता तर परत आल्यावर घर सापडलं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हणून दोघांची तिकिटं निघाली.

जावई प्रफुल्ल कडक माणूस. फोनवर म्हणाला, "मामी, नीट ऐका. इथे खायचं-प्यायचं काही आणायचं नाही. बी-बियाणं नाही, झाडपाला नाही, मुळ्या नाहीत. जनावराचं तर काहीच नाही. सापडलं तर विमानतळावरूनच परत पाठवतात. मग बाळाचं तोंडही दिसायचं नाही."

"हो जावईबापू," मी म्हणाले. फोन ठेवला आणि डिंक तळायला घेतला.

म्हणजे काय! बाळंतीण काय पाव खाऊन उठणार आहे? मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले. पण दुनिया मला कळते. नियम हे ज्यांना लपवता येत नाही त्यांच्यासाठी असतात, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

डिंकाचे लाडू नऊवारीच्या घडीत बसवले. आळीव उशीच्या अभ्र्यात. बाळगुटीचं सगळं सामान, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, झंपराच्या बाह्यांमध्ये घालून बाह्या शिवून टाकल्या. आणि सगळ्यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन गोवऱ्या. आमच्याच कपिलेच्या. बाळंतिणीच्या धुरीला शेगडीत गोवरी लागते. तिथल्या गाई काय खातात कुणास ठाऊक. भरवसा काय?

नागो दारात उभा राहून बघत होता.

"जावई तर नको म्हणाले."

"तुम्ही बघू नका."

नागोने तोंड फिरवलं. पण तोवर सगळं बघून झालं होतं.

निघताना प्रफुल्लने नागोला फोनवर बजावलं. "मामा, एकच लक्षात ठेवा. विमानतळावर अनोळखी माणसाकडून काहीही घ्यायचं नाही. माणूस कितीही गोड बोलला तरी."

"नाही घेणार," नागो म्हणाला.

विमानतळावर तिकिटं दाखवली. खिडकीतल्या पोरीने पेटी वजन करून आत सोडली. मग हसून बोर्डिंग पास पुढे केले. नागोने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काका, घ्या ना."

"नको."

"अहो काका, हे घेतल्याशिवाय विमानात बसता येत नाही."

"बाई, तुझं गाव कोणतं?"

"का हो?"

"आपली ओळख नाही. तू बोलतेस मात्र गोड."

मागे रांग वाढली. कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, सोयरीक नंतर जुळवा!" मी पास हिसकून घेतले आणि नागोला बाजूला ओढलं.

"अहो, गणवेशातलं माणूस अनोळखी नसतं! अंगावर गणवेश दिसला की ऐकायचं. ते सांगतील तसं करायचं. ते करतील तसं करायचं. एवढं साधं कळत नाही?"

"हे आधी सांगायचं," नागो म्हणाला. आणि त्याने ते मनात पक्कं केलं.

विमानात बसलो. दारं लागली. गणवेशातली हवाईसुंदरी मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. तिने पट्टा लावून दाखवला. नागोने लावला. मी म्हटलं, वा. तिने दोन्ही हात लांब करून दारं दाखवली. नागोनेही दोन्ही हात लांब केले. त्याच्या शेजारच्या गृहस्थाचा चष्मा पुढच्या रांगेत गेला. तिने पिवळं जाकीट डोक्यातून घातलं. नागो खाली वाकला, सीटखाली चाचपलं आणि त्यानेही एक जाकीट काढून डोक्यातून घातलं. तिने दोरी ओढल्यासारखं केलं. नागोने ओढली.

फस्सऽऽऽ.

नागो फुगला. गळ्याभोवती दोन भोपळे. मान हलेना. तिने शिट्टी नुसती ओठांना लावून दाखवली. नागो शेतातली डुकरं हाकलत आलेला माणूस. त्याने शिट्टी अशी मारली की विमान चालवणारासुद्धा बाहेर डोकावला असेल.

सगळं विमान आमच्याकडे बघत होतं. हवाईसुंदरी धावत आली. दोघींनी मिळून नागोची हवा काढली.

"अहो, ते पाण्यात पडल्यावर घालायचं असतं! आत्ता नुसतं बघायचं. बघून ठेवायचं. कशाला हात म्हणून लावायचा नाही!"

"हे आधी सांगायचं," जाकिटातून बाहेर येत नागो म्हणाला.

विमान उडालं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. निघण्याआधी आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही सांगितलं होतं, एका जागी बसून राहू नका, पाणी प्या, मधून मधून उठून चाला, नाहीतर पाय सुजतात. नागो उठला की चालायचा, चालला की पाणी प्यायचा, पाणी प्यायलं की त्याला उठावंच लागायचं. मी मात्र जागची हलले नाही. मला वाटलं, सगळेच असे एका बाजूला चालत गेले तर विमान कलंडायचं नाही का? कुणीतरी जबाबदारीने बसायला हवं. म्हणून मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून विमान सरळ ठेवलं.

तशीच कधीतरी डुलकी लागली. जागी झाले तर जेवण होऊन गेलं होतं. ताटं उचलून नेत होते. नागोचं ताट भरलेलंच परत चाललं होतं.

"जेवलात का?"

"बघितलं."

"म्हणजे?"

"नीट बघितलं. भात होता. बाजूला पिवळं काहीतरी होतं. एका वाटीत गोड असावं. चांगलं वाटलं बघायला."

"अहो, मग खाल्लं का नाही?"

"तूच म्हणालीस, कशाला हात लावायचा नाही." त्याचा आवाज बारीक झाला होता. बाहेर उजाडायला लागलं होतं, आणि त्याच्या पोटाचा आवाज मला ऐकू येत होता.

मी कळवळले. मी म्हटलं, "असं करू नये हो. समोर आलं की उचलायचं. विचार करायचा नाही, लाजायचं नाही. परक्या मुलुखात लाजणारा उपाशी मरतो."

"हे आधी सांगायचं."

उतरलो. नागोचे पाय होते तसे. माझे पाय भाकरीसारखे फुगले होते. चपला जाईनात. त्या देशात मी अनवाणी, चपला हातात घेऊन शिरले. पहिला शिक्का मारणारा माझ्या पायांकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घाईने शिक्का मारला.

पुढे सामानाचा पट्टा फिरत होता. मी नागोला तिथे उभा केला आणि नळाखाली पाय धरायला गेले. फार वेळ लागला नाही. परत आले तर गर्दी जमली होती. गर्दीच्या मध्ये ट्रॉली, आणि ट्रॉलीवर पेट्यांचा डोंगर. लाल पेटी, निळी पेटी, कुणाची सतार असावी तसा लांबडा खोका, एक लहान पोराची ढकलगाडी. डोंगरामागून नागोची टोपी तेवढी दिसत होती. एक गोरा माणूस एका पेटीचं एक टोक धरून ओढत होता. दुसरं टोक नागोकडे. आणि नागो त्याला समजावत होता.

"दादा, एवढ्यासाठी भांडू नका. मागून अजून येतायत. समोर आलं की उचला. लाजू नका."

एकेकाची पेटी परत केली. हात जोडले. मला येणाऱ्या तिन्ही भाषांत माफी मागितली. त्यातल्या दोन मला येत नाहीत. आमची पेटी तेवढी पट्ट्यावर एकटी फिरत होती. ती उचलली आणि मी नागोवर कडाडले.

"आपलं तेवढंच आपलं! दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. आणि आपल्याबद्दल कुणी विचारलं तर छातीठोक सांगायचं, हे आमचं! मागे-पुढे बघायचं नाही. सगळं स्वच्छ सांगायचं. आपण काय चोर आहोत?"

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. पेटीच्या तळाशी गोवऱ्या असताना.

"हे आधी सांगायचं," नागो म्हणाला.

विमानात एकेक कागद भरायला दिला होता. चष्मेवाल्या गृहस्थाने तो वाचून दाखवला. खायचं आहे का, बी आहे का, जनावराचं आहे का. मी दोघांच्याही कागदांवर सगळीकडे 'नाही' वर खूण करून ठेवली होती. चांगली ठसठशीत. ते कागद घेऊन आम्ही कस्टमच्या वाटेला लागलो. हिरवी पाटी समोर दिसत होती. त्या पाटीपलीकडे काच, काचेपलीकडे जावई. मी नुसती चालत होते. तोंडावर देवळात जाताना असते तशी कळा ठेवली होती.

तेवढ्यात एक कुत्रा आला. त्याच्यासोबत गणवेशातली पोरगी. कुत्र्याने माझ्या पेटीचा वास घेतला. परत घेतला. आणि पेटीजवळ बसकण मारली. शेपूट हलवत माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही कपिला त्याची मावशी.

आम्हाला एका लांब टेबलापाशी नेलं. तिथे एक पगडीवाले सरदारजी अधिकारी होते. भला उंच माणूस. हातमोजे घालत हिंदीत म्हणाले, "माताजी, खाने का कुछ? बीज? जानवर का कुछ?"

"नाही," मी म्हणाले आणि कागद पुढे केला. "लिखा है ना."

सरदारजींनी नागोकडे बघितलं. "चाचाजी, आप बताइए. कुछ है?"

नागोने छातीवर हात ठेवला. तो ठोकला.

"है."

मी त्याचा पाय दाबला. माझाच सुजलेला पाय दुखला.

"सब बताता," नागो म्हणाला. "दो दाढा नकली है. हर्निया का ऑपरेशन हुआ, इधर. डावा कान थोडा कम है. भाऊ के साथ बांध का भांडण है, वो अभी मिटा नहीं."

"चाचाजी, सामान में."

"सामान में हम कुछ नहीं छुपाया," नागो म्हणाला. मी श्वास सोडला. "हमारी बायको छुपाया."

मग तो पेटीशेजारी उभा राहिला आणि प्रदर्शनात गाइड दाखवतो तसं दाखवू लागला. "ये लुगडे में डिंक का लाडू. उशी में आळीव. झंपर का बाह्या में बाळगुटी, वो शिवेल है, कात्री लगेगा. और सबसे खाली," इथे त्याने आवाज खाली आणला, "गाय."

सरदारजी एक पाऊल मागे सरले. "गाय?"

"पूरी नहीं. दो ही."

पेटी उघडली. एकेक घडी मोडली. वर्तमानपत्र उलगडलं. सरदारजींनी गोवरी दोन बोटांत धरून वर उचलली. कपिलेच्या शेणावर माझ्या पाच बोटांचा ठसा उमटलेला. नाकारायला जागा नव्हती. कुत्र्याला मात्र फार आनंद झाला.

मी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही. सासूपुढे नाही, सरपंचापुढे नाही. त्या दिवशी दोन गोवऱ्यांपुढे घातली. मला एकच दिसत होतं. काचेच्या पलीकडे जावई उभा आहे, आणि अलीकडून मला परत पाठवतायत. पोर तिकडे एकटी बाळंत होणार. कशामुळे? तर माझ्या हुशारीमुळे.

सरदारजी बराच वेळ वरिष्ठाशी बोलले. मग येऊन म्हणाले ते असं. कागद खोटा भरला, गुन्हा मोठा आहे. पण पेटी उघडण्याआधी या चाचाजींनी आपण होऊन सगळं सांगितलं. भाऊबंदकीसकट. म्हणून या खेपेला नुसती ताकीद. सामान मात्र राहील इथेच.

त्यांनी हातमोज्यांच्या हातांनी माझे लाडू उचलले. एका मोठ्या डब्याचं झाकण उघडलं. आणि टाकले. डिंक, खारीक, खोबरं, चार दिवसांची माझी मेहनत. धप. आळीव. धप. झंपरसुद्धा. झाकण लागलं तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग सरदारजींनी नागोचा हात हातात घेतला. "चाचाजी, बताने वाला बचता है. बाहर से कुछ भी आया हो, अपने घर का ही आदमी लाया हो, बताना. आप जैसे लोग चाहिए हमें." थट्टेतच म्हणाले असतील. पण त्यांनी एक छोटं कार्ड दिलं. त्यावर फोन नंबर होता. नागोने ते टोपीत ठेवलं.

  गाडीत मीच नागोला म्हणाले, "आज तुमच्या जिभेनं वाचवलं हो. मी गप्प बसवत होते. माझं ऐकू नका. यापुढेही असंच सांगत जा."

नागोला बायकोने पहिल्यांदा शहाणा ठरवलं होतं. तो गाडीभर ताठ बसला.

पुढे रेवती बाळंत झाली. सुखरूप. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणला त्या संध्याकाळी मी तो मांडीवर घेतला. काय सांगू. मूठभर जीव. बोट दिलं तर बोट धरून बसला, जसा काही मी कुठे पळून जाणार होते. रेवती पलंगावर पडल्या पडल्या बघत होती.  

नागो समोर उकिडवा बसून बाळाला निरखत होता.

"याचा पासपोर्ट कुठाय?"

रेवती हसली. "अजून काढला नाही, बाबा."

"शिक्का?"

"कसला शिक्का?"

"या देशात यायला शिक्का लागतो. आम्हाला मारला. हा कुठून आला?"

जावयाला त्या दिवशी आनंदाने थट्टा सुचत होती. एरवी कधी न हसणारा माणूस. म्हणाला, "मामा, हा गावाहूनच आणलेला माल आहे. दिवाळीला तुमच्याकडे आलो होतो ना आम्ही? तेव्हा रेवतीने येताना बरोबर आणला."

"विमानातून?"

"हो."

"कस्टमला दाखवला?"

"छे! कुणाला पत्ता लागू दिला नाही तिने."

सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले. मी म्हणाले, "अहो, कस्टमचं काय घेऊन बसलात! आपल्यालाही तीन महिने होईपर्यंत कळू दिलं नव्हतं. आईची लेक आहे. लपवण्यात हुशार!"

नागो हसला नाही. उठला आणि गॅलरीत गेला. टोपी काढली.

थोड्या वेळाने त्याचं बोलणं ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, गावी भावाला फोन लावलाय, आनंदाच्या भरात बांधाचं भांडण मिटवतोय. भावाशी तो हिंदीत का बोलेल, हे या शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

"हाँ साब, नागो बोलता. दो गाय वाला. ... हाँ, हाँ, पाय अभी ठीक है बायको का. साब, एक बताने का था. बाहर से आया है एक. ... जिंदा. ... नहीं, कागज कुछ नहीं. शिक्का नहीं. ... छोटा है. केस है, थोडा. दात नहीं. ... सिर्फ दूध पीता. रात को ओरडता बहोत. ... हमारी बेटी लाई साब, विमान में, दिवाली में. पेट के इधर छुपा के. ... हाँ, घर में ही है, विमान वाले कागज पे पता है वही. अभी हमारी बायको पकड के बैठी है."

तो आत आला. चेहऱ्यावर समाधान. "सांगितलं," म्हणाला.

"भाऊ काय म्हणाला?"

"येतो म्हणाले. कुणी हात लावू नका म्हणाले, चावेल."

मला वाटलं, दिराला एवढ्या लांब यायची परवानगी कशी मिळाली! मी बाळाला थोपटत बसले.

तासाभरात बेल वाजली. जावयाने दार उघडलं. दारात सरदारजी. मागे दोन माणसं गणवेशातली. एकाच्या हातात जाळीचा पिंजरा. दुसऱ्याच्या हातात लांब दांड्याची जाळी. पुढे तोच कुत्रा. तो थेट माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागला. जुनी ओळख.

"चाचाजी," सरदारजी म्हणाले, "कहाँ है?"

आणि ते हातमोजे चढवू लागले.

तेच हातमोजे. मला दुसरं काही दिसेना. लाडू दिसले, आळीव दिसले, त्या डब्याचं उघडं तोंड दिसलं. मला कळत होतं हो. माणसाचं पोर आहे, कोण कशाला डब्यात टाकेल? जरा थांबून, हसून दाखवलं असतं तर सगळे हसले असते, पेढा खाऊन गेले असते. पण थांबायला डोकं लागतं. माझं डोकं त्या घटकेला कुठे होतं ते सांगता येणार नाही. मी भिंतीला पाठ लावली. लुगड्याचा पदर ओढला, बाळाला त्याच्याखाली घेतलं, पदर कमरेला खोचला आणि त्यावर दोन्ही हातांची घडी घातली.

"आई!" रेवती पलंगावरून ओरडली. "काय करतेस?"

सरदारजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "माताजी, पदर के नीचे क्या है?"

मी आयुष्यात इतक्या शांतपणे कधी बोलले नव्हते.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "मेरा पोट है."

पोटाने टाहो फोडला.

पिंजरेवाला दोन पावलं मागे गेला. कुत्रा खाली बसला. आणि नागो पुढे झाला. बायकोचा उद्धार करायला निघालेल्या माणसाच्या शांतपणाने त्याने सरदारजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"साब, इसका मत सुनो. ये बाई सब माल लुगडे में ही रखती है."